‘पुअर अटेंडन्स’





वर्ष संपत आले की धर्मप्रांताकडे अहवाल पाठवायचे दिवस येतात. हा अहवाल इंग्रजीत असतो. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, किती मुलांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला, सारे आकड्यांत लिहायचे. शेवटचा रकाना रविवारच्या मिस्सेच्या उपस्थितीचा. जून-जुलैचे आकडे लिहिताना हात भराभर चालतो. दिवाळीनंतरचा आकडा लिहायची मात्र लाज वाटते. म्हणून तेथे आकड्याऐवजी मी दोन इंग्रजी शब्द लिहून मोकळा होतो : ‘पुअर अटेंडन्स’. गेली सहा वर्षे हेच चालले आहे. हे शब्द फार सोयीचे आहेत. त्यांत आकडा लपतो, कारण सांगावे लागत नाही आणि दोष कोणाचा हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचे. धर्मगुरूचा दोष असेल असे तर कोणाच्या मनातही येत नाही.

यंदा अहवाल संगणकावर टाइप करायला आपल्या मास्तरांची मुलगी आली होती. ती परभणीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. टाइप करता करता ती थांबली आणि म्हणाली, “फादर, पुअर म्हणजे गरीबच ना? मग हे ‘गरीब हजेरी’ काय आहे? गरीब लोक आले म्हणून असं लिहायचं, का श्रीमंत आले नाहीत म्हणून?”

मी तिला समजावून सांगितले की इंग्रजीत तशी बोलायची पद्धत आहे. तब्येत बरी नसली तर पुअर हेल्थ म्हणतात, निकाल वाईट लागला तर पुअर रिझल्ट. तेथे पैशाचा संबंध नसतो. आपण मराठीत जमिनीला ‘हलकी’ म्हणतो, ती काही वजनाने हलकी नसते, तसेच हे. तिला ते पटले असावे. तिने दोन शब्द टाइप केले, संगणक बंद केला आणि चप्पल घालता घालता म्हणाली, “पण फादर, त्या रविवारी खरंच गरीबच आले होते की.”

बंधूभगिनींनो, तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला उत्तर सुचू नये असे प्रसंग फार येतात, पण ते सहसा घरी जाणाऱ्या मुलीच्या पाठीकडे बघत येत नाहीत.

त्या रविवारी, म्हणजे दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, कोण कोण आले होते ते मी आठवू लागलो. सतरंजीवर अकरा माणसे होती. दोन आज्या, त्यांतल्या एकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आजीजवळ ठेवून गेलेली चार नातवंडे. बाळंत होऊन महिना न झालेली एक लेक. तीनचाकी सायकलवरून येणारे आपले भाऊ, ज्यांना पायरीवरून दोघांनी उचलून आत आणावे लागते. आणि मास्तर, त्यांची पत्नी व ही मुलगी. झाले अकरा.

मंगळवारच्या मिस्सेत लूकलिखित शुभवर्तमानातला चौदावा अध्याय वाचला होता. एका गृहस्थाने मोठी मेजवानी दिली, पण बोलावलेल्यांपैकी कोणी येईना. एकाने शेत विकत घेतले होते, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. तेव्हा यजमान रागावला आणि त्याने चाकराला गल्लीबोळांतून गरीब, लंगडे, आंधळे आणि व्यंग असलेले यांना घेऊन यायला सांगितले. माझ्या सतरंजीवर कोण होते? मोतीबिंदूची आजी, तीनचाकीवरचे भाऊ, पोरेबाळे. प्रभूने मेजवानीची जी यादी सांगितली ती जवळजवळ शब्दशः माझ्यापुढे बसलेली होती, आणि मी वहीत लिहिले, पुअर अटेंडन्स. यजमानाला ज्या पाहुण्यांचा आनंद झाला असता, त्यांच्याकडे बघून चाकराने तोंड वाकडे केले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण त्या दिवशी मी प्रवचनही दिले होते. शेत, बैल आणि बायको यांच्या निमित्ताने जे देवाकडे पाठ फिरवतात त्यांना मी चांगले वीस मिनिटे झोडपले. ऐकले कोणी? जे आले होते त्यांनी. आम्हा धर्मगुरूंची ही जुनी खोड आहे. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढायचा. आणि आमच्या आज्या इतक्या सोशीक, की स्वतःचीच चूक असल्यासारख्या मान खाली घालून ऐकत राहतात.

मुळात हा दाखला मी लावला तोच उलटा. दाखल्यातले लोक आले नाहीत, कारण त्यांच्याकडे शेत होते, बैल होते. आपले लोक येत नाहीत, कारण त्यांच्याकडे शेत नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या बाजूंनी दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. कोणी सोलापूरला, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी पार कर्नाटकात. साखर कारखान्याची चाके फिरू लागली की आमच्या वस्त्यांतली चूल बंद होते, ती उन्हाळ्यापर्यंत. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातले सोयाबीन पाण्यात गेले, कापसाची बोंडे झाडावर काळी पडली. ज्यांना एरवी गावातच वेचणीचे काम मिळाले असते त्यांतलेही काही जण या हंगामात कोयता घेऊन गेले.

या कामाची मोजणी कशी होते हे गावात सर्वांना माहीत आहे, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर तो अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याने फडावर हजर राहायचे. एक दिवस चुकला की त्याला म्हणतात खाडा. खाड्याला मजुरी तर नाहीच, वर दंडही बसतो. बाईला ताप असो, लेकरू आजारी असो, खाडा तो खाडाच. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे उघडकीस आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या वेळी ज्या कारणांची चर्चा झाली त्यांत हेही एक होते, की पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही. स्त्रीला आपल्या शरीराचा अवयव काढून टाकणे खाड्यापेक्षा स्वस्त वाटावे, अशा ठिकाणी आपली माणसे गेलेली असतात. आणि इथे बसून मी त्यांच्या नावापुढे आणखी एक खाडा मांडतो, रविवारचा.

रविवारच्या सुट्टीचीही एक गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे लढा दिला आणि १८९० साली ती मिळाली. नोकरदार माणूस आज रविवार गृहीत धरतो. ऊसाच्या फडावर अजून रविवार उगवलेला नाही. तेथे आठवड्याचे वार कारखान्याच्या गाडीवरून ठरतात.

मागच्या हंगामात एकदा मी सोलापूर जिल्ह्यात आपल्या दोन कुटुंबांकडे गेलो होतो. रात्रीच्या एसटीने गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीचा पत्ता लागला. खोप्यांत फक्त म्हाताऱ्या आणि तान्ही मुले. बाकी सारे फडावर. संध्याकाळी अंधार पडल्यावर डोक्यावर वाढ्यांचे भारे घेऊन बायका आल्या, मग चुली पेटल्या. नऊ वाजून गेल्यावर टायरगाडीच्या मागच्या फळीवर पांढरे कापड अंथरून मी मिस्सा सुरू केली. उजेड दोन मोबाइलचा. आपली नऊ माणसे होती आणि टोळीतले पाच-सहा जण, जे ख्रिस्ती नव्हते, कौतुकाने बाजूला बसले होते. मी चांगले प्रवचन तयार करून नेले होते. पहिल्या दोन वाक्यांतच समोरची तीन माणसे बसल्या बसल्या झोपलेली दिसली, तेव्हा तेथेच थांबलो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लहान प्रवचन, आणि बहुधा सर्वांत बरे.

अर्पणविधी झाला आणि ट्रकचा हॉर्न वाजला. ट्रक आला की भरायचा, मग रात्रीचे दहा असोत की दोन. पुरुष उठले, बायकाही उठल्या. एकाने जाता जाता हात जोडले, “फादर, थांबा हं. आलोच.” मी थांबलो. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर, म्हणजे त्या फळीवर, तसेच झाकून ठेवले आणि मोबाइल धरून गाडीपाशी उभा राहिलो. मोळ्या डोक्यावर घेऊन माणसे फळीवरून वर चढत होती, वरचा माणूस मोळी लावत होता, पुन्हा खाली. सव्वा तास गेला. मग सगळे हातपाय धुऊन परत आले, पुन्हा आपापल्या जागी बसले आणि आम्ही पुढची मिस्सा पूर्ण केली. एकही माणूस झोपायला गेला नव्हता.

निघताना एका मावशीने विचारले, “फादर, तिकडं गावाला आमचा खाडा पडत असंल ना?”

नाही, म्हणायला तोंड उघडले, पण माझ्या कपाटातली फाइल मला आठवली. मी काहीच बोललो नाही. तिला वाटले असेल, फादरना झोप आली.

आता तुम्ही म्हणाल, फादर एवढे सगळे डोळ्यांनी बघून आले आणि तरी या वर्षी पुन्हा तेच दोन शब्द लिहायला निघाले. होय, निघालो. सवयीचा शब्द असा असतो. तो डोळ्यांनी पाहिलेलेही झाकून टाकतो.

पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला भारतीय दर्शनेही शिकवली जात. न्यायशास्त्रात ‘अभाव’ नावाचा एक विषय आहे. मला तो तेव्हा कंटाळवाणा वाटे. जमिनीवर घट नाही, या साध्या वाक्यावर पंडितांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. पण त्यांतला एक मुद्दा आज उपयोगी पडला. ते म्हणतात, नुसता अभाव असा काही नसतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. कशाचा, हे सांगता आले नाही तर तुम्हाला अभाव कळलाच नाही. ‘पुअर अटेंडन्स’ हे शब्द या कसोटीवर टिकत नाहीत. त्यांत नसणे आहे, पण कोण नाही हे नाही. सतरंजी रिकामी आहे, पण ती कोणापासून रिकामी आहे? खांबाजवळची जागा आपल्या ढोलकीवाल्याची. तो सध्या पंढरपूरच्या बाजूला आहे. दारापाशी बसणारी, लेकरू रडले की पटकन बाहेर नेता यावे म्हणून तेथेच बसणारी, ती सांगलीकडे. या जागा अशा नावानिशी रिकाम्या आहेत.

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दार लावून बसले होते, प्रभू येशू त्यांच्यामध्ये आला, आणि त्या वेळी थोमा तेथे नव्हता. योहान त्याचे नाव घेऊन सांगतो की थोमा नव्हता. कुठे गेला होता ते तो सांगत नाही. कदाचित पोटापाण्यासाठीच गेला असेल. बाकीच्यांनी काय केले? हजर दहा, गैरहजर एक असे लिहून ठेवले नाही. ते त्याच्याकडे गेले आणि काय घडले ते त्याला सांगितले. त्याने विश्वास ठेवला नाही तरी त्याला आपल्यातून काढले नाही. आणि आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला. दुसऱ्यांदा तो कोणासाठी आला हे त्या अध्यायात स्पष्ट दिसते. ज्याचा खाडा पडला होता त्याच्यासाठी. तोच थोमा पुढे आपल्या भारतात आला अशी आपली परंपरा आहे.

मुलीचा प्रश्न मनातून जात नव्हता म्हणून मी शब्दांच्या मागे लागलो. इंग्रजी ‘पुअर’ हा लॅटिन ‘पाउपेर’ या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आहे, आणि ‘पाउपेर’च्या पोटात ‘पाउकुस’चे नाते आहे, म्हणजे थोडे. ज्याच्या हाती थोडे येते तो. तेव्हा थोडे आणि गरीब हे मुळात सख्खे शब्द आहेत, त्या मुलीने ते न शिकता ओळखले होते. पण मला खरा धक्का दिला तो आपल्या मराठीतल्या ‘गरीब’ या शब्दाने. चर्चच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दूचे असे जाणकार आजही शेजारी सापडतात. त्यांच्याकडे चहाला गेलो असता विषय काढला. ते म्हणाले, “फादरसाहेब, गरीब हा अरबी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पैसा नसलेला असा नाहीच. गरीब म्हणजे परका. घरापासून लांब गेलेला. मुसाफिर.” आजही उर्दूत मायदेशापासून दूर असलेल्याला गरीब-उल-वतन म्हणतात. पैसा नसलेला हा अर्थ नंतर चिकटला, कारण घर सुटलेल्या माणसाजवळ सहसा पैसाही नसतो.

मी चहा पिऊन परत आलो आणि ग्रीक शब्दकोश काढला. आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो त्याला इंग्रजीत पॅरिश म्हणतात, आणि त्याचे मूळ ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ, परमुलखात तात्पुरते राहणाऱ्यांची वस्ती. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना अशाच अर्थाने परके आणि प्रवासी म्हटले आहे. म्हणजे खोप्यांत राहणारी ती टोळी या शब्दाला माझ्या पक्क्या भिंतींच्या चर्चपेक्षा जास्त जवळची. सेमिनरीत हा शब्द मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. अर्थ समजायला एका उर्दू मास्तरांचा चहा लागला.

रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूच्या मनात काय चालते हे कोणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो. त्याला वाटते, मी नापास झालो. अशा वेळी मला संत चार्ल्स द फुको आठवतात. हे फ्रेंच धर्मगुरू अल्जीरियाच्या वाळवंटात तामनरासेत या ठिकाणी तुआरेग लोकांमध्ये जाऊन राहिले. त्या काळच्या नियमाप्रमाणे मिस्सेला उत्तर द्यायला दुसरा किमान एक ख्रिस्ती माणूस लागे, आणि तेथे तर दुसरा कोणी ख्रिस्ती नव्हता. त्यामुळे १९०७ चा नाताळ त्यांनी मिस्सेवाचून काढला. हजेरी शून्य. जानेवारीत ते मरणाच्या दारी पोचले. मुलखात दुष्काळ होता. तेव्हा त्या मुस्लिम शेजाऱ्यांनी दूरवर फिरून ज्या शेळ्यांना थोडे दूध होते त्यांचे दूध आणून त्यांना जगवले. त्यानंतर ३१ जानेवारी १९०८ रोजी एकट्याने मिस्सा करण्याची परवानगी रोमहून त्यांच्या हाती आली. १९१६ साली ते मारले गेले तेव्हा त्यांच्यामागे ना मोठे चर्च होते ना अनुयायी. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच मिस्सेत आपल्या तमिळनाडूतले देवसहायम पिल्लई हेही संत झाले. चार्ल्स माणसे आपल्याकडे येण्याची वाट बघत बसले नव्हते. जेथे माणसे होती तेथे ते जाऊन राहिले. त्यांच्या शून्यात आणि माझ्या अकरात हाच फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

आता थोडे शहरातल्या आपल्या कुटुंबांशी. दूर गेलेल्यांबद्दल एवढे बोललो म्हणजे तुम्ही सुटलात असे नाही. जे कामाला बांधलेले आहेत, आजारी आहेत, तान्ह्या बाळाजवळ आहेत, त्यांना ख्रिस्तसभा रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून मोकळे मानते, आणि योग्य कारण असेल तर धर्मगुरूही सूट देऊ शकतो. फडावर गेलेल्या प्रत्येकाला ती सूट मी दिलेली आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी आहे आणि चर्च वीस मिनिटांवर आहे, त्यांना कोणती सूट देऊ? तुमच्यासाठी तो दाखला बरोबर बसतो. शेताच्या जागी प्लॉट बघायला जायचे असते, बैलांच्या जागी नवी गाडी घ्यायची असते, आणि लग्न तर दाखल्यातही होते, आपल्याकडेही रविवारची तिथी साधून असते. मी रागावून लिहीत नाही. रागावण्याचा माझा हक्क कमीच आहे, कारण सहा वर्षांत तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मी फक्त घराच्या आशीर्वादाला आलो, तेही तुम्ही बोलावल्यावर. एवढेच सांगतो की तीनचाकीवरच्या आपल्या भावाला पायरीवरून आणायला दोन माणसे लागतात, आणि त्या रविवारी मास्तर सोडले तर दुसरा धडधाकट पुरुष चर्चमध्ये नव्हता. दुसऱ्या बाजूने मी धरले. झगा घातलेला होता, पाय अडकून पडता पडता वाचलो.

अहवाल अजून गेलेला नाही. मुलीला परत बोलावले आणि ते दोन शब्द काढायला सांगितले. त्या जागी आकडा लिहिला : अकरा. मग आम्ही दोघे आणि मास्तर कुटुंबांची वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे ते कुटुंब या हंगामात कुठे आहे ते लिहू लागलो. कोणता जिल्हा, कोणता कारखाना, बरोबर लेकरे नेली की आजीजवळ ठेवली. दोन रात्री लागल्या. इंग्रजीतला रकाना दोन ओळींचा होता, आमची जोडलेली पाने तीन झाली. धर्मप्रांताच्या कार्यालयात ती कोणी वाचील की नाही, माहीत नाही. मला मात्र लिहिताना एक गोष्ट कळली : नऊ कुटुंबांपुढची जागा कोरी राहिली. ती कुठे गेली आहेत, मला ठाऊक नाही. मास्तरांनाही नाही. एवढी वर्षे मी ज्यांची हजेरी ‘पुअर’ म्हणून लिहिली, त्यांतली नऊ घरे आज कोणत्या फडावर झोपतात हे त्यांच्या धर्मगुरूला सांगता येत नाही.

येता रविवार सामान्य काळातला तेहतिसावा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केल्याप्रमाणे २०१७ पासून हा रविवार जागतिक गरीब दिन म्हणून पाळतात. पोप लिओ यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले पहिले प्रबोधनपत्र गरिबांवरील प्रेमाविषयीच काढले. आपण या दिवशी दरवर्षी जेवण देतो, ते यंदाही होईल. त्याआधी मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी मी वही घेऊन हजेरी वाचणार आहे. जे नाहीत त्यांची नावेही वाचीन. नाव आले की त्या घरातले जे कोणी हजर असेल, आजी असो की सात वर्षांचे पोर, त्याने उभे राहून ते कुठे आहेत ते सांगावे. आपण लगेच त्यांच्यासाठी प्रार्थना करू. घरी कोणी उरलेले नसेल तर शेजाऱ्याने सांगावे. मोबाइल नंबर माहीत असेल तर कागदावर लिहून आणावा, म्हणजे त्या भागातल्या धर्मगुरूंना मी फोन करू शकेन.

त्या दिवशीचे दान फडावर न्यायच्या पांघरुणांसाठी आहे. जुनी पांघरुणे धुऊन आणलीत तरी चालतील. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहा वाजता चर्चसमोरून जीप सोलापूरकडे निघेल. मास्तर आणि मी धरून चार जागा भरल्या आहेत, तीन शिल्लक आहेत. मोटारसायकलवाल्यांनी नावे मास्तरांकडे द्यावीत. येताना बॅटरी आणावी, रात्री गाडी भरताना उजेड लागतो.

तुमचा,
फादर